हातगुण आणि रिकाम्या कुंड्या

पत्राचा सारांश: कोथरूडमधील एका वाचक भगिनींचे हे पत्र आहे. वय ५४, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. दोन वर्षांपूर्वी राहता बंगला बिल्डरला दिल्यानंतर त्या पती आणि ८१ वर्षांच्या सासूबाईंसह सातव्या मजल्यावरील सदनिकेत राहायला आल्या. बंगल्याभोवतीची फुलबाग सासूबाईंनी चाळीस वर्षे सांभाळली होती आणि नव्या घराच्या पश्चिमेकडील बाल्कनीत ती पुढे चालवण्याचे या भगिनींनी मनावर घेतले. दोन वर्षांत बावीस झाडे गेली. बंगल्यातून खणून आणलेला मोगरा महिन्याभरात वाळला, सहा गुलाबांपैकी पाच पावसाळ्यात गेले, जास्वंदीच्या कळ्या गळतात, आणि दिवाळीत फुलांनी लगडलेली आणलेली शेवंती पुढच्या वर्षी नुसतीच हिरवीगार राहिली. यजमान म्हणतात, 'एवढ्या पैशांत दोन वर्षांची फुलपुडी आली असती.' सासूबाई काहीच बोलत नाहीत आणि ते न बोलणे अधिक लागते. 'माझ्या हाताला गुण नाही हे मान्य करून बाग बंद करावी, की माळी लावून त्याच्या हाती सोपवावी?' असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात 'हातगुण' हा शब्द चार वेळा आला आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते. हातगुण आपण वैद्यापासून लोणचे घालणाऱ्या काकूंपर्यंत सर्वांना बहाल करतो. ज्या कौशल्यामागचे कारण सांगता येत नाही त्याला हे नाव दिले की पुढे विचारायचे काही उरत नाही. शब्द गोड आहे, पण तुमच्या बाबतीत तो आड येतो आहे, कारण हातालाच गुण नसेल तर मोगरा का वाळला हे शोधण्याची गरजच संपते. तुम्ही बावीस वेळा हळहळलात, तपास मात्र एकदाही केला नाही, असे पत्रावरून वाटते. हे टोचून बोलण्यासाठी लिहीत नाही. मीही कित्येक वर्षे असेच करीत होते.

आधी तो बावीसचा आकडा तपासू. पत्राच्या शेवटी तुम्ही प्रामाणिकपणे यादी दिली आहे, तिच्यात चार पिटुनिया आणि तीन झेंडू आहेत. ही हंगामी झाडे आहेत. फुलून, बी धरून, काही महिन्यांत मरणे हाच त्यांचा क्रम असतो. हिवाळ्यात आणलेली पिटुनिया पुण्याच्या एप्रिलमध्ये करपली तर तिचे आयुष्य संपले एवढाच त्याचा अर्थ. यादीत दोन डेलियाही आहेत, ते फेब्रुवारीनंतर पिवळे पडून वाळले म्हणून तुम्ही मातीसकट टाकून दिले. ते बहुधा मेलेच नव्हते. डेलियाचे कंद जमिनीखाली विश्रांती घेतात; ते काढून कोरड्या वाळूत ठेवले असते तर पावसाळा सरताना पुन्हा फुटले असते. ही चूक खरी, पण ती न जगवण्याची नाही, लवकर आशा सोडण्याची आहे. म्हणजे बावीसचे तेरा झाले, आणि अजून आपण हातगुणापर्यंत पोहोचलेलोही नाही.

आता सासूबाईंच्या बागेशी तुम्ही मनोमन जी तुलना करता तिच्याविषयी. ती बाग जमिनीत होती. जमिनीतले झाड आपल्या चुका बराच काळ निभावून नेते: पाणी कमी पडले तर मुळे खाली जातात, जास्त झाले तर ते आजूबाजूला मुरते, खत अधिक पडले तर चार पावसांत वाहून जाते. बारा इंची कुंडीत मुळांना जायला जागा नसते, त्यामुळे तुमची प्रत्येक चूक, आणि प्रत्येक मायासुद्धा, तिथेच साठून राहते. त्यातून सातवा मजला, पश्चिमेचे ऊन आणि अडवायला समोर काहीच नसलेला वारा. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या आसपास जातो, तेव्हा दुपारी चारला बाल्कनीच्या कठड्याला हात लावून पाहा, म्हणजे कुंडीच्या भिंतीला चिकटलेल्या मुळांना काय सोसावे लागते ते कळेल. तुम्ही सासूबाईंची बाग बिघडवलेली नाही. एक निराळी आणि अधिक अवघड बाग नव्याने सुरू केली आहे. शिवाय बंगल्याच्या आवारात एखादे रोप मेले की दोन महिन्यांत त्या जागी गुलबक्षी आपोआप उगवते आणि कोणाच्या लक्षातही राहत नाही. बाल्कनीतली रिकामी कुंडी मात्र रोज सकाळी चहाच्या वेळी समोर असते. चाळीस वर्षांत सासूबाईंची किती झाडे गेली असतील, याचा हिशेब कोणी ठेवला आहे का?

ज्याच्यात तुमचा जीव सर्वांत जास्त अडकला होता तो मोगरा आता घेऊ. बंगल्याचा ताबा देण्याच्या आठवड्यात, मे महिन्यात, माणूस लावून तो खणला आणि कळ्या होत्या म्हणून फांद्यांना हात लावला नाही, असे तुम्ही लिहिता. खणताना निम्म्याहून अधिक मुळे तुटली असणार, आणि उरलेल्या मुळांना त्या सगळ्या पानांना भर उन्हात पाणी पुरवणे शक्य नव्हते. फांद्या गुडघ्याच्या उंचीपर्यंत छाटून, मुळांभोवतीचा मातीचा गोळा ओल्या गोणपाटात बांधून, पहिले तीन आठवडे कुंडी सावलीत ठेवली असती तर तो जगण्याची शक्यता वाढली असती. खात्री तरीही नव्हती. मे महिन्याची तारीख तुम्ही ठरवली नव्हती, ती करारात होती. तेव्हा या चुकीतला तुमचा वाटा फांद्या न छाटण्यापुरता आहे. तेवढाच घ्या, सगळा मोगरा अंगावर घेऊ नका.

शेवंतीच्या बाबतीत तर मला वेगळाच संशय आहे. सासूबाईंना रात्री उठावे लागते म्हणून बाल्कनीतला दिवा रात्रभर सुरू असतो, असे तुम्ही दुसऱ्याच संदर्भात ओझरते लिहून गेला आहात. शेवंती रात्र मोजते. अमेरिकेतील गार्नर आणि ॲलर्ड या संशोधकांनी १९२० मध्ये तंबाखू आणि सोयाबीनवरील प्रयोगांतून दाखवून दिले की काही झाडे फुलण्याची वेळ दिवसाच्या लांबीवरून ठरवतात. शेवंतीही अशाच झाडांपैकी आहे. पुण्यात जूनमध्ये दिवस सुमारे १३ तासांचा असतो, तो डिसेंबरपर्यंत ११ तासांवर येतो. रात्री पुरेशा लांब झाल्या आणि त्या अखंड अंधाराच्या असल्या की शेवंतीला कळ्या धरतात. मध्येच प्रकाश पडत राहिला तर तिच्या लेखी अजून उन्हाळाच चालू असतो आणि ती पाने वाढवत बसते. व्यापारी फुलशेती करणारे शेवंतीचा बहर लांबणीवर टाकायचा असला की रात्री मुद्दाम दिवे लावतात. तुम्ही तेच नकळत आणि फुकटात केले. सासूबाईंसाठी दिवा हवाच, तो मालवायला मी सांगणार नाही. ऑगस्टअखेरपर्यंत शेंडे खुडून झाड पसरट करा, आणि सप्टेंबरपासून कळ्या मोठ्या होऊन रंग दिसेपर्यंत रोज संध्याकाळी सातच्या सुमारास त्याच्यावर पुठ्ठ्याचे मोठे खोके पालथे घालून सकाळी काढत जा. यजमान हसतील, हसू द्या.

गुलाबांविषयी लिहिण्यापूर्वी माझी एक फजिती सांगते. काही वर्षांपूर्वी मी एका रोपवाटिकेतून गडद लाल फुलांचा गुलाब आणला. पहिल्याच पावसाळ्यात त्याची वरची फांदी काळी पडली, पण बुंध्यातून एक जोमदार फुटवा आला आणि दोन महिन्यांत कमरेएवढा झाला. मी त्याला काठी बांधली, शेणखत घातले, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला. वर्ष सरले, कळी नाही. शेवटी शेजारच्या सोसायटीतल्या म्हाताऱ्या माळीबाबांनी बोटाने बुंध्याजवळची माती उकरली आणि म्हणाले, 'ताई, गुलाब कधीच गेला, तुम्ही जंगली पोसताय.' बाजारात मिळणारा गुलाब बहुतेक वेळा जंगली गुलाबाच्या खुंटावर हव्या त्या गुलाबाचा डोळा, म्हणजे कोंब फुटण्याची जागा, बसवून तयार केलेला असतो. बुंध्यावर जी गाठ दिसते तिच्या वरचे आपले आणि खालचे जंगली. खालून आलेला फुटवा दिसताच मुळाशी तोडायचा असतो, कारण तो जोम धरतो तो वरच्या कलमाच्या जिवावर. त्या वर्षभराच्या सेवेनंतर मी कोणतेही रोप विकत घेताना आधी गाठ पाहते, फूल नंतर. लावतानाही ती गाठ मातीच्या वर राहील असे पाहते.

तुमच्या पाच गुलाबांपैकी काहींचे असेच झाले असेल, पण पानांवर काळे गोल ठिपके, भोवती पिवळेपणा आणि मग पानगळ हे वर्णन बुरशीचे आहे. ही बुरशी रुजायला पान सलग सुमारे सात तास ओले राहावे लागते. पावसाळ्यात ते आपल्या हातात नसते. पण संध्याकाळी झारीने वरून पाणी घालणे आणि सहा कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवणे हे आपल्या हातात होते. पाणी सकाळी आणि मुळाशी घालावे, कुंड्यांमध्ये वीतभर अंतर ठेवावे, पडलेली डागाळलेली पाने वेचून कचऱ्यात टाकावीत, खताच्या टोपलीत नव्हे. पाऊस संपला की ऑक्टोबरात छाटणी केली तर साधारण दीड महिन्यात फुले येतात. तुमचा सहावा गुलाब जिवंत आहे, त्याच्यावर यंदा हे करून पाहा.

यापुढे एखादे झाड गेले तर ते लगेच टाकू नका. वर्तमानपत्र पसरून कुंडी आडवी करा आणि मातीचा गोळा बाहेर काढा. मुळे तपकिरी, बुळबुळीत असतील आणि कुजका वास येत असेल तर पाणी जास्त झाले. मुळे कोरडी, ठिसूळ असतील तर कमी पडले. आणि गुलाबांच्या बाबतीत तिसराही प्रकार वारंवार दिसतो: आतला मूळ गोळा विटेसारखा टणक, आणि त्याच्या भोवतीची तुम्ही घातलेली माती मात्र चिंब. रोपवाटिकेतून रोपे चिकट मातीच्या गोळ्यात येतात. तो गोळा एकदा वाळला की पाणी आत न शिरता कडेने खाली उतरते, थाळीत साचते आणि पाहणाऱ्याला वाटते की पाणी भरपूर आहे. झाड थाळीभर पाण्यावर तहानेने मरते. लावण्यापूर्वी असा गोळा बादलीत बुडवून, बुडबुडे येणे थांबले की बाहेरची माती बोटांनी हळूच सैल करावी. कुंडीत माती, जुने कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट साधारण समप्रमाणात घ्यावे. खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या तक्रारीमुळे तुम्ही थाळ्या ठेवता हे योग्यच आहे. फक्त कुंडीखाली विटेचे तीन तुकडे द्या आणि अर्ध्या तासाने थाळी ओतून टाका.

जास्वंदीच्या शेंड्यांवरचा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. त्याच्या आधी मुंग्यांकडे पाहा, कारण त्याचा गोड स्राव मिळतो म्हणून त्याच त्याला राखतात. किडलेले शेंडे छाटावेत, बाकीचे पाण्याच्या जोरदार धारेने धुवावेत, मग लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडा साबण मिसळून सूर्यास्ताच्या वेळी फवारावे, आणि हे आठवड्यातून एकदा असे सलग तीन-चार आठवडे करावे. एकदा फवारून 'काही उपयोग नाही' म्हणणे ही आपणा सर्वांची चूक असते. जास्वंदीची नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसत असतील तर तो किडीचा प्रकार नव्हे. सोसायटीत टँकरचे किंवा बोअरचे जड पाणी येत असले की मातीतले लोह झाडाला घेता येत नाही. कुंडीच्या कडेला पांढरा थर जमला आहे का पाहा. पावसाचे पाणी बादल्यांत धरून ते जास्वंदीला द्यावे.

आता मला पत्रातली सर्वांत खटकलेली गोष्ट. चहाचा चोथा, अंड्याची टरफले, कांद्याच्या सालींचे पाणी, मोहरीची पेंड, आणि मध्येच एका ओळखीच्यांनी सांगितले म्हणून चमचाभर युरिया: 'दर आठवड्याला काही ना काही घालतेच,' असे तुम्ही अभिमानाने लिहिले आहे. युरियाने पाने माजतात आणि फुले मागे पडतात हा एक भाग झाला. पण त्याहून मोठे नुकसान असे की एकाच आठवड्यात जागा, पाणी आणि खत तिन्ही बदलल्यावर झाड सुधारले तरी का सुधारले ते कळत नाही, आणि बिघडले तरी कळत नाही. अशा चुकीतून कोणालाही शिकता येणार नाही. एका वेळी एकच बदल करा आणि तीन आठवडे थांबा. एकाच जातीची दोन झाडे असतील तर एकालाच खत द्या. बँकेत तुम्ही आयुष्यभर नोंदी केल्या आहेत, तीच सवय इथे आणा. साधी वही पुरे: '१२ जुलै. सहावा गुलाब. खालची चार पाने पिवळी. बोट दोन पेरे आत घातले, माती ओली. पाणी दिले नाही.' शेवटचे वाक्य लिहायला सर्वांत अवघड जाते. पाणी न देणे हेही काम आहे, हे आपल्या हातांना पटत नाही.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. बाग बंद करण्यात कमीपणा काही नाही, फुलपुडीही चांगलीच असते. पण तुम्ही ती थकून नव्हे, लाजून बंद करायला निघाला आहात, म्हणून मी हो म्हणत नाही. माळी जरूर लावा, मात्र महिन्यातून एकदा, कुंड्या बदलणे आणि छाटणी यांसाठी, आणि तो काम करीत असताना शेजारी उभ्या राहा. सगळेच त्याच्यावर सोपवले तर झाडे कदाचित जगतील, पण पंधरा दिवसांतून एकदा येणाऱ्या माणसाला वाऱ्याने दुपारी माना टाकणारी जास्वंद दिसणार नाही. ती तुम्हालाच दिसते. प्लास्टिकच्या हिरवळीची सूचना यजमानांनी केली आहे, तिच्यावर उन्हाळ्यात अनवाणी उभे राहून पाहायला त्यांना सांगा.

तिसरा मार्ग मला अधिक पटतो, आणि अशाच बाल्कन्या सांभाळणाऱ्या इतर वाचकांनाही तो सुचवते. कुंड्या सहा करा. रिकाम्या कुंड्या पोटमाळ्यावर टाका, म्हणजे त्या रोज हिशेब मागणार नाहीत. नवी रोपे उन्हाळ्यात आणू नका, पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर आणा. पश्चिमेच्या उन्हाला सदाफुली, गोकर्ण आणि बोगनवेल टिकतात. थोडी सावली मिळते त्या कोपऱ्यात तगर, म्हणजे सासूबाईंच्या देवपूजेला रोज चार फुले मिळतील. एका कुंडीत झेंडू बियांपासून लावा. जुलैअखेर पेरलेला झेंडू दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास फुलतो आणि चुकलात तर तेही तितक्याच दिवसांत कळते. गुलाबाची चूक कळायला मला वर्ष लागले होते. दरवर्षी जानेवारीत एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरते, तिथे जरूर जा, पण ती झाडे वर्षातल्या त्यांच्या सर्वोत्तम आठवड्यात तिथे आणलेली असतात हे लक्षात ठेवून पाहा, आणि फुललेली रोपे हातात घेऊन परतू नका.

राहिल्या सासूबाई. त्यांचे न बोलणे म्हणजे ठपका, असे तुम्ही धरून चालला आहात. तसे असेलही, मी त्या घरात नाही. पण ऐंशीच्या उंबरठ्यावर ज्यांची जमीन गेली, ज्यांचा मोगरा त्यांच्या डोळ्यांदेखत खणला गेला, त्यांच्या गप्प बसण्याचे कारण तुमच्या कुंड्याच असतील असे कशावरून? 'आई, मला जमत नाही' असे म्हणण्याऐवजी त्यांना विचारा, 'आई, तुमची कोणती झाडे गेली होती?' मग नीट बसून ऐका, वही जवळ असू द्या. आणि दुसरा प्रश्न असा विचारा की त्या मोगऱ्याची रोपे त्यांनी कोणाकोणाला दिली होती. चाळीस वर्षे मोगरा असलेल्या घरातून नणंदा, भाचरे, शेजारीपाजारी, मोलकरणी यांच्याकडे फांद्या गेल्या नाहीत असे सहसा होत नाही. यांपैकी एकाच्याही अंगणात तो असला, तर जूनमध्ये त्याची एक लवचिक फांदी वाकवून, जमिनीला टेकेल तिथे सालीला छोटा काप देऊन, मातीत दाबून वर वीट ठेवायला सांगा. पावसाळा सरेपर्यंत तिला मुळे फुटतील. मगच ती तोडून आणा, निम्मी छाटा, पहिले दोन आठवडे सावलीत ठेवा, आणि कुंडीत कुठे लावायची ते सासूबाईंना ठरवू द्या.